फोनचं कुलूप, कायदा आणि वॉरंटी

पुण्या-नाशकाकडच्या पुष्कळ घरांत अमेरिकेहून आलेला एखादा तरी फोन असतो. सुट्टीवर आलेली भाची तो मामासाठी घेऊन येते, मामा हौसेने आपलं सिम घालतो आणि पडद्यावर सूचना येते की हे सिम या फोनमध्ये चालणार नाही. फोन तिकडच्या मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला असतो आणि हप्ते फिटेपर्यंत कंपनी तो आपल्या नेटवर्कला बांधून ठेवते. मामा दुरुस्तीचं दुकान गाठतो. ‘‘अनलॉक करून देतो काका, पण फोन डेड झाला तर माझी जबाबदारी नाही,’’ दुकानातला मुलगा आधीच सांगून टाकतो. त्याच काउंटरवर इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी उभा असतो. कंपनीने अपडेट बंद केलेल्या फोनमध्ये त्याला नवं अँड्रॉइड टाकून हवं असतं. तिसऱ्याचा फोन हप्ता थकल्यामुळे फायनान्स कंपनीने बंद पाडलेला असतो. चौथा जो फोन पुढे करतो त्याला आधीच्या मालकाच्या गुगल खात्याचं कुलूप असतं, आणि बिल विचारलं की तो विषय बदलतो.

दुकानासाठी ही चारही कामं एकाच जातीची: केबल लावायची, सॉफ्टवेअर मारायचं, पैसे घ्यायचे. कायद्याच्या दृष्टीने मात्र पहिलं काम कराराचं, दुसरं कॉपीराइटचं, तिसरं कर्जाचं आणि चौथं बहुधा चोरीच्या मालाचं. फोन अनलॉक करणं बेकायदेशीर आहे का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे सल्ले इथेच फसतात. वॉरंटीचा प्रश्न तर या चारांहून निराळा आहे. तो फौजदारी कायद्याचा नाहीच. माझं मत आधीच सांगतो: स्वतः विकत घेतलेल्या फोनचं सॉफ्टवेअर स्वतःच्या वापरासाठी मोकळं करणं हा भारतात गुन्हा नाही. तरीही ते करणाऱ्याला शिक्षा भोगावी लागते. ती कोर्टात होत नाही, फोनच्या आतच होते, आणि तिच्याविरुद्ध दाद कुठे मागायची हे आपल्या कायद्यांनी अजून नीट ठरवलेलं नाही.

हा वाद पेटला तो अमेरिकेत. २९ जून २००७ रोजी पहिला आयफोन विक्रीला आला तेव्हा तो फक्त एटी अँड टी या एकाच कंपनीच्या नेटवर्कवर चालत होता. दोन महिन्यांच्या आत न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने फोन उघडून, आत डाग देऊन तो दुसऱ्या नेटवर्कवर चालवून दाखवला. तो मोकळा केलेला फोन देऊन त्याने एका व्यावसायिकाकडून निसानची स्पोर्ट्स कार आणि तीन नवे आयफोन मिळवले. ॲपलने सप्टेंबरमध्ये जाहीर इशारा दिला की, अनलॉक केलेल्या फोनवर पुढचं अपडेट टाकल्यास तो कायमचा निकामी होऊ शकतो आणि असं नुकसान वॉरंटीत बसणार नाही. अपडेट आलं आणि असे कितीतरी फोन खरोखर निकामी झाले. वॉरंटी हे हत्यार म्हणून कसं वापरता येतं, याचा हा पहिला मोठा धडा होता. आपल्याकडे तो आयफोन अधिकृतपणे विकलाच गेला नाही. मुंबईच्या मनीष मार्केट आणि हिरा पन्नामध्ये मिळायचे ते बाहेरून आणून मोकळे केलेले. ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोनने आयफोन थ्री-जी अधिकृतपणे आणला. सर्वांत स्वस्त फोनची किंमत ३१,००० रुपये होती आणि एवढे पैसे मोजूनही तो त्या-त्या कंपनीला बांधलेलाच होता.

अमेरिकेत प्रश्न कॉपीराइटच्या कायद्यात अडकला, कारण १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याचं कलम १२०१ डिजिटल कुलूप तोडण्यालाच बंदी घालतं. कुलूप तोडून आतल्या मालाची चोरी केली की नाही, हा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो. जाच कमी व्हावा म्हणून दर तीन वर्षांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रमुखांनी सवलती जाहीर करायच्या, अशी सोय ठेवलेली आहे. फोन दुसऱ्या नेटवर्कवर नेण्याची सवलत २००६ मध्ये मिळाली, जेलब्रेकची, म्हणजे फोनवरचे कंपनीचे निर्बंध तोडून हवं ते ॲप टाकण्याची, २०१० मध्ये. जेलब्रेकच्या सवलतीला ॲपलचा कडाडून विरोध होता. असे फोन वापरून मोबाइलचे टॉवर बंद पाडता येतील, इथपर्यंत युक्तिवाद कंपनीने केला होता. तो मान्य झाला नाही. २०१२ मध्ये मात्र चक्र उलटं फिरलं. नेटवर्क बदलण्यासाठीच्या अनलॉकची सवलत काढून घेतली गेली आणि २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीशिवाय मोकळा करणं पुन्हा बेकायदेशीर झालं. व्हाइट हाउसकडे गेलेल्या अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी नव्या कायद्यावर सही करून ती सवलत परत आणली. तरीही तिथे एक गाठ सुटलेली नाही. वापरणाऱ्याने आपला फोन मोकळा केला तर चालतं, पण त्यासाठीचं साधन बनवून विकणं सवलतीत येत नाही. हक्क दिला आणि हत्यारावर बंदी ठेवली, अशी ती अवस्था आहे. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कंपनीने बांधलेले फोन विकण्यावरच बंदी घातली. मला हाच मार्ग सरळ वाटतो.

भारतातला पहिला मोठा खटला आयफोनच्याही आधीचा आहे, आणि तो वाचायला हवा. रिलायन्स इन्फोकॉमने सीडीएमए सेवा सुरू केली तेव्हा धीरूभाई अंबानी पायोनिअर योजनेत साडेदहा हजारांचा हँडसेट ३,३५० रुपये भरून मिळत असे. पुढे तीन वर्षं दरमहा सहाशे रुपये द्यायचे. फोन रिलायन्सच्याच सेवेवर चालेल असा बांधलेला. हैदराबादेत टाटा इंडिकॉमच्या लोकांनी रिलायन्सच्या ग्राहकांचे सॅमसंग आणि एलजीचे हँडसेट घेऊन, आतला इलेक्ट्रॉनिक सीरियल नंबर बदलून, ते आपल्या नेटवर्कवर चालवले असा आरोप होता. सय्यद असिफुद्दीन विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या. मोबाइल फोन हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या व्याख्येत ‘संगणक’ आहे. आणि तो नंबर बदलणं हे त्या कायद्याच्या कलम ६५ खाली, म्हणजे संगणकाच्या मूळ सांकेतिक प्रणालीत ढवळाढवळ म्हणून, गुन्हा ठरू शकतं. फसवणूक आणि विश्वासघाताची कलमं न्यायालयाने काढून टाकली, पण कलम ६५ आणि कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ यांचा तपास थांबवायला नकार दिला.

‘भारतात फोन अनलॉक करणं गुन्हा आहे’ असं सांगणारे बहुतेक जण या निकालाचा आधार घेतात. तो आधार तोकडा आहे. तिथे एका कंपनीची माणसं प्रतिस्पर्धी कंपनीचे, हप्ते न फिटलेले हँडसेट धंद्यासाठी फिरवत होती, आणि बदलली गेली ती फोनची ओळख. आपल्या पैशाने घेतलेल्या फोनमध्ये वेगळं अँड्रॉइड टाकणारा माणूस त्या खटल्यात कुठेच नव्हता. शिवाय न्यायालयापुढे प्रश्न तपास चालू ठेवायचा की नाही एवढाच होता. दोषी कोण, हे ठरवण्याचा नव्हता.

त्यानंतर २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती आली आणि कलम ६५-अ कायद्यात शिरलं. त्याची रचना अमेरिकेपेक्षा खूप शहाणपणाची आहे. तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण केव्हा? कॉपीराइटने दिलेल्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने ते तोडलं असेल तेव्हाच. पायरेटेड ॲप चालवण्यासाठी किंवा सिनेमाची प्रत काढण्यासाठी कुलूप तोडलं, तर हे कलम लागतं. कंपनीने आधीच भरून दिलेली आणि काढता न येणारी ॲप काढण्यासाठी तोडलं, तर हेतूचा पायाच उरत नाही. पोटकलम २ पुढे जाऊन सांगतं की, या कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुणी हे केलं तर त्याला अडवता येणार नाही. कलम ५२ मध्ये आणखी दोन खिडक्या आहेत. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याने प्रोग्राम ज्या कामासाठी दिला त्या कामासाठी त्याची प्रत किंवा फेरफार करणं, आणि दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळावा म्हणून आवश्यक ती माहिती काढणं, या दोन्हींना मुभा आहे. ही तरतूद लिहिणाऱ्यांचे आभार मानायला हवेत. भारत त्या वेळी डिजिटल कुलपांविषयीच्या जागतिक कॉपीराइट कराराचा सदस्यही नव्हता, तो २०१८ मध्ये झाला. दुसऱ्यांचे अनुभव समोर ठेवून आपल्या लोकांनी हेतूची अट घातली.

कलम ६५-अ च्या त्याच पोटकलमाला जोडलेलं एक परंतुक दुकानदारांच्या गावीही नसतं. दुसऱ्याला कुलूप तोडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, कशासाठी तोडलं, याची पूर्ण नोंद ठेवायची आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दिवसाला कितीतरी फोन मोकळे होत असतील. त्यांची वही ठेवणारं दुकान मला तरी दिसलेलं नाही. ग्राहकाने आपल्या बाजूने बिलाची प्रत दाखवून पावती मागावी. हे दोघांच्याही भल्याचं आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ संगणकात घुसखोरी करणाऱ्यावर भरपाई लादतं, पण ‘मालकाच्या परवानगीशिवाय’ हा त्याचा गाभा आहे. फोनचा मालक आपण आहोत, तर परवानगीही आपलीच. सॉफ्टवेअर मात्र कंपनी आपल्याला विकत नाही, फक्त वापरायचा परवाना देते. म्हणून जेलब्रेक करणारा परवान्याच्या अटी मोडतो, यात वाद नाही. पण अट मोडणं हा करारभंग आहे, त्याला पोलिस ठाण्याची पायरी नाही.

दोन ठिकाणी मात्र भारतीय कायदा खरोखर कडक आहे. एक म्हणजे आयएमईआय. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबल्यावर दिसणारा पंधरा आकडी क्रमांक बदलण्यावर २०१७ च्या नियमांनी बंदी घातली, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ ने अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं. सॉफ्टवेअर मारताना आयएमईआय पुसला गेला, म्हणून दुकानदाराने दुसऱ्याच फोनचा भरून दिला, असं घडतं. फोन चालू झाला म्हणून ग्राहक खूश होतो, आणि त्याच्या खिशात एक गुन्हा बसलेला असतो. सॉफ्टवेअरचं कोणतंही काम केल्यावर तो क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहायला अर्धं मिनिट लागतं. दुसरं ठिकाण म्हणजे हरवलेला किंवा चोरीचा फोन. संचार साथी पोर्टलवरून बंद केलेला फोन मोकळा करून देणारा आणि घेणारा, दोघंही साध्या अनलॉकच्या वादात नसतात. जुन्या मालकाच्या खात्याचं कुलूप तोडून मागणाऱ्याला परत पाठवणारा दुकानदार बरोबर वागतो.

हप्त्याच्या फोनचं कुलूप साधं अनलॉक आणि हे गुन्हे यांच्या मधलं आहे. कर्ज फिटेपर्यंत त्या फोनवर फायनान्स कंपनीचा दावा असतो, आणि कुलूप काढल्याने कर्ज संपत नाही. वर कराराचा भंग होतो आणि पत-नोंद खराब होते ती वेगळीच. पण ज्या फोनवर माणसाची रोजची कमाई, डिलिव्हरीचं ॲप, मुलांचे वर्ग अवलंबून आहेत, तो एका हप्त्यासाठी दुरून बंद पाडणं हे वसुलीचं सभ्य साधन नाही, असं मी ठामपणे म्हणेन. अमेरिकेच्या फोनचं उत्तर तर अगदी सोपं आहे: भाचीने उरलेले हप्ते भरावेत आणि तिकडच्या कंपनीकडेच अर्ज करावा. पैसे फिटलेल्या फोनचं कुलूप या कंपन्या स्वतः उघडून देतात, आणि अशा अधिकृत अनलॉकने वॉरंटीला धक्का लागत नाही.

आता वॉरंटी. इथे आधी काम कसं होतं ते पाहू. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपरसाठीचे पर्याय दिसू लागतात. त्यात ‘ओईएम अनलॉकिंग’ची खूण करायची. फोन बंद करून आवाज कमी करायचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबलं की फास्टबूटचा पडदा येतो. संगणकाला केबल लावून एक ओळ लिहिली की फोन विचारतो, खरंच उघडायचं का? आवाजाच्या बटणाने होय म्हणायचं. त्या क्षणी फोनमधलं सगळं पुसलं जातं: फोटो, संदेश, सारं. चोराने फोन उघडून आतली माहिती वाचू नये म्हणून ही रचना मुद्दाम केलेली आहे. त्यानंतर दर वेळी फोन सुरू होताना काही सेकंद इशारा दिसतो की हा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा आतला प्रोग्राम, उघडा आहे. गुगलच्या पिक्सेलवर हे इतकं सरळ आहे. शाओमीच्या फोनवर आधी अर्ज, मग ठरावीक तासांची प्रतीक्षा. आयफोनवर अधिकृत दारच नाही, कुठल्यातरी त्रुटीतून शिरावं लागतं.

काही फोनांमध्ये मात्र याच्या पुढचा एक प्रकार आहे. २०१३ पासून सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतल्या गॅलेक्सी फोनांत ‘नॉक्स’चा एक फ्यूज असतो. अनधिकृत सॉफ्टवेअर पहिल्यांदा चढलं की तो जळतो आणि शून्याची नोंद एक होते. नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं, तरी तो फ्यूज सांधला जात नाही. सॅमसंग पे आणि सुरक्षित फोल्डर त्या फोनवर कायमचे बंद होतात. सर्व्हिस सेंटरचा माणूस डाउनलोड मोडमध्ये जाऊन ती नोंद पाहतो, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच तपासणी संपते. तक्रार चार्जिंगच्या सॉकेटची असो की पडद्यावर उमटलेल्या हिरव्या रेघेची, जॉब शीटवर ‘सॉफ्टवेअरमध्ये छेडछाड, वॉरंटी लागू नाही’ असा शेरा येतो.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. वेगळ्या अँड्रॉइडने चार्जिंगचा सॉकेट ढिला होत नाही. बॅटरी आणि प्रोसेसरच्या वेगाचं नियंत्रण बदलून कुणी फोन तापवला असेल, तर ती गोष्ट निराळी; तिथे कारण आणि परिणाम दाखवता येतात. अर्धवट चढलेल्या सॉफ्टवेअरमुळे फोन निकामी झाला, तर तो खर्च मालकाचा, हेही मान्य. बाकी सर्व ठिकाणी बिघाड छेडछाडीमुळेच झाला हे कंपनीने दाखवायला हवं. वनप्लसने बराच काळ आपली भूमिका जवळपास अशीच ठेवली होती: बूटलोडर उघडल्याने किंवा रूट केल्याने, म्हणजे फोनच्या प्रणालीचा पूर्ण ताबा घेतल्याने, वॉरंटी जात नाही, मात्र त्यातून झालेलं नुकसान आम्ही भरणार नाही. धंदा बुडवून न घेता असं म्हणता येतं, हे त्यावरून दिसतं. ॲपलची भाषा उलट टोकाची आहे: अनधिकृत सॉफ्टवेअर टाकणं हा परवान्याचा भंग, आणि त्यासाठी कंपनी सेवा नाकारू शकते.

अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. आमचाच सुटा भाग, आमचीच सेवा वापरा नाहीतर वॉरंटी गेली, अशी अट कंपनीला घालता येत नाही. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डोसह सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल तंबी दिली. युरोपात विक्रेत्यावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं. तो नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. फोन रूट केल्याने ही जबाबदारी आपोआप संपत नाही, असं विश्लेषण फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपच्या कायदेतज्ज्ञांनी २०१२ मध्येच मांडलं. युरोपातला ग्राहक काउंटरवर जे ठामपणे बोलू शकतो, त्याच्यामागे हा नियम उभा असतो.

आपल्याकडे असा थेट नियम नाही. जे आहे ते जोडून घ्यावं लागतं. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात माल विकण्याजोगा असावा ही गृहीत अट आहे, पण लेखी कराराने ती बाजूला सारता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही कल्पना आली. वॉरंटीची एकतर्फी अट त्यात बसते असं म्हणत राज्य ग्राहक आयोगाकडे जाता येतं. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क नाही. सगळ्यात उपयोगाचं आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं म्हणजे कलम ३८: दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. सॉकेट का तुटला, हे फ्यूजची नोंद पाहून ठरत नाही, तपासूनच ठरतं. एक धोका मात्र लक्षात ठेवा. वस्तूमुळे इजा झाली आणि त्या वेळी तिच्यात फेरफार केलेला होता, तर कलम ८७ प्रमाणे विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-जबाबदारीचा दावा चालत नाही. बॅटरीचं नियंत्रण बदलणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. जॉब शीटवर कारण लिहून मागा. ‘छेडछाड’ एवढंच नव्हे, कोणत्या छेडछाडीने कोणता भाग बिघडला ते. फोन देण्याआधी त्याचे फोटो काढा. लिहून देत नसतील तर त्याच दिवशी कंपनीला ई-मेल करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवलेली तक्रार पुष्कळदा तिथल्या तिथे काम करून जाते. आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे.

हे सगळं करूनही एक शिक्षा टळत नाही, आणि माझ्या मते आज तीच सर्वांत मोठी आहे. बूटलोडर उघडा असल्याचं गुगलची तपासणी यंत्रणा ओळखते आणि ॲपला कळवते. आधी हे काम सेफ्टीनेट करायचं, आता प्ले इंटिग्रिटी करतं, आणि कडक तपासणीसाठी फोनच्या चिपमधल्या किल्लीचा पुरावा मागितला जातो. मग बँकेचं ॲप उघडत नाही, यूपीआय चालत नाही, सिनेमाचं ॲप हलक्या दर्जाचं चित्र दाखवतं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ च्या डिजिटल पेमेंट सुरक्षेच्या निर्देशांत सांगितलं ते असं: फोन रूट किंवा जेलब्रेक केलेला आहे का हे तपासणारी आणि तसा असेल तर ॲप बंद ठेवणारी सोय करता येईल का, याची शक्यता अजमावावी. बहुतेक बँकांनी ते आदेशासारखं घेतलं. भाजीवाल्यापासून टोलनाक्यापर्यंत जिथे पैसे फोनवरून जातात, त्या देशात यूपीआय नसलेला फोन म्हणजे अर्धा फोन. कायद्याने जे मना केलेलं नाही, ते अशा रीतीने अशक्य झालं.

बँकांची भीती खोटी नाही, हेही सांगितलं पाहिजे. नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात जेलब्रेक केलेल्या आयफोनांवर एक किडा पसरला. लोकांनी दुरून शिरण्याचं साधन टाकलं होतं आणि त्याचा सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड बदलला नव्हता. पहिल्या किड्याने पडद्यावरचं चित्र तेवढं बदललं. काही दिवसांनी आलेल्या दुसऱ्याचा रोख नेदरलँड्समधल्या बँकेच्या ग्राहकांवर होता. २०१० मध्ये एक वेबपान उघडलं की आयफोन जेलब्रेक होत असे. मालकाला जी वाट मोकळी होती, तीच चोरालाही होती. शाओमीने २०१६ मध्ये बूटलोडर बंद करताना हेच कारण दिलं: मधले विक्रेते फोनमध्ये घाणेरडं सॉफ्टवेअर भरून विकत होते. हा युक्तिवाद खरा आहे.

पण कुलूप उघडलेला प्रत्येक फोन अडवावा, हा त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. ग्राफीनओएससारखी प्रणाली पिक्सेलवर टाकून बूटलोडर पुन्हा बंद करता येतो, आणि तो फोन आपल्या नव्या किल्लीने दर वेळी स्वतःची तपासणी करतो. सुरक्षित असूनही गुगलच्या कडक कसोटीत तो नापास होतो, कारण ती कसोटी सुरक्षिततेबरोबर गुगलचा परवानाही तपासते. याउलट तीन वर्षं एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला, पण कुलूप शाबूत असलेला फोन सौम्य कसोट्यांत पास होऊन बँकेचं ॲप बिनदिक्कत चालवतो. धोका मोजायचा असेल तर हा दुसरा फोन आधी अडवायला हवा.

दरम्यान दारं एकेक बंद होत चालली आहेत. हुआवेने २०१८ मध्ये बूटलोडरचे कोड देणं थांबवलं. सॅमसंगच्या नव्या फोनांतून २०२५ च्या वन यूआय ८ पासून तो पर्याय दिसेनासा झाला. ज्यांची ओळख पडताळलेली नाही अशा डेव्हलपरांची ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर बसू न देण्याचा गुगलचा बेत २०२५ मध्ये जाहीर झाला. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये त्याची सुरुवात ठरली. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड करताना बाहेरून ॲप टाकण्यावरचे अडथळेही काढायला सांगितले होते. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला आणि तो निर्देश मात्र रद्द केला.

ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि २०२५ मध्ये फोनला दुरुस्ती-गुण देण्याबद्दलचा समितीचा अहवालही आला. त्या गुणांत सुटे भाग आणि स्क्रू मोजले जातील. बूटलोडरचाही हिशोब धरायला हवा. एलजीने एप्रिल २०२१ मध्ये फोनचा धंदा गुंडाळला, आणि कुलूप उघडून देणारी त्यांची सेवा त्याच वर्षी ३१ डिसेंबरला बंद झाली. ज्यांनी त्याआधी अर्ज केला नाही, त्यांच्या चांगल्या चालणाऱ्या फोनमध्ये नवं अँड्रॉइड टाकण्याची अधिकृत वाट उरली नाही. सुरक्षा अपडेट थांबवण्याच्या दिवशी कंपनीने त्या मॉडेलचं कुलूप उघडण्याची सोय खुली करावी, ती सोय बंद होणार असेल तर तिची साधनं आधी जाहीर करावीत, आणि वॉरंटी नाकारताना कारण-परिणाम लेखी द्यावेत: तीन ओळींचा हा नियम ग्राहक संरक्षण कायद्याखाली काढता येईल. त्यासाठी संसदेत नवा कायदा आणण्याचीही गरज नाही.